पूर्णविरामाच्या जागी एक अक्षर

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कोलंबस या शहरात जोसेफ क्रझिकी हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात एका फारशा चर्चेत नसलेल्या प्रश्नावर काम करत होते. दलदलीतल्या आणि तळ्याच्या गाळातल्या काही सूक्ष्मजीवांना मिथिलअमाइन नावाची द्रव्ये खाऊन मिथेन वायू तयार करता येतो. हे काम ते कोणत्या विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, साहाय्याने करतात, हा तो प्रश्न. विकर वेगळे काढून झाले. मग त्याचे जनुक शोधले गेले आणि १९९८ साली त्याचे वाचन प्रसिद्धही झाले. या वाचनात एक अडचण निघाली. जनुकाच्या साधारण मध्यावर ‘येथे थांबा’ असा संकेत होता. पेशीने तो पाळला असता तर प्रथिन अर्धेच तयार व्हायला हवे होते. प्रयोगशाळेत हाताशी असलेले प्रथिन मात्र पूर्ण लांबीचे होते आणि आपले काम चोख करत होते.

या अडचणीचा पाठपुरावा पुढे चार वर्षे चालला. २००२ साली त्यातून जे निष्पन्न झाले, त्यामुळे जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दोन पिढ्या छापला गेलेला एक आकडा बदलावा लागला. प्रथिने वीस अमिनो आम्लांची बनतात, हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेले असते. हा आकडा आधी एकवीस आणि मग बावीस झाला. बाविसाव्याचे नाव पायरोलायसिन.

माझे शिक्षण विज्ञानशाखेचे नाही. या विषयाकडे मी वळलो तो रसायनापेक्षा इतिहासाच्या कुतूहलाने. एखादी गोष्ट ‘पक्की’ कधी ठरते, कोण ठरवते, आणि तिच्याशी न जुळणारा पुरावा समोर आला की माणसे त्याचे काय करतात, हे प्रश्न बखरी आणि कागदपत्रे चाळणाऱ्यालाही नवे नाहीत. पायरोलायसिनच्या शोधात ते फार स्वच्छ रूपात दिसतात.

विसाचा आकडा आला कोठून?

पहिले अमिनो आम्ल १८०६ साली पॅरिसमध्ये सापडले. वोक्लँ आणि रोबिके या दोघांनी शतावरीच्या कुळातल्या ॲस्परॅगस या भाजीच्या रसातून ते वेगळे काढले, म्हणून त्याचे नाव ॲस्परॅजिन. पुढे जवळजवळ सव्वाशे वर्षे ही यादी एकेका नावाने वाढत गेली. आपल्या कथेत पुढे येणारे लायसिन १८८९ साली दुधातल्या केसिनमधून मिळाले. नेहमीच्या विसांपैकी शेवटचे थ्रिओनिन. ते विल्यम रोझ यांनी १९३५ साली शोधले. पण तोवर ‘वीस’ हा आकडा कोणाच्याही डोक्यात नव्हता. निरनिराळ्या प्रथिनांत निरनिराळी अमिनो आम्ले सापडत होती आणि त्यांतली काही अगदी एखाद्याच प्रथिनात आढळत होती.

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत जॉर्ज गॅमॉव्ह या पदार्थवैज्ञानिकाचे पत्र त्यांना आले. डीएनएच्या चार अक्षरांतून प्रथिनांची भाषा कशी तयार होत असेल, याविषयी एक कल्पना त्यात होती आणि सोबत अमिनो आम्लांची यादीही. क्रिक आणि वॉटसन यांना ती यादी पटली नाही. केंब्रिजच्या ‘ईगल’ या पबमध्ये बसून त्यांनी आपली यादी केली. एखाद-दुसऱ्या प्रथिनातच आढळणारी किंवा प्रथिन तयार झाल्यावर त्यात रासायनिक बदल होऊन बनणारी आम्ले त्यांनी वगळली. उदाहरणार्थ, कातडी आणि हाडांतल्या कोलॅजेनमध्ये भरपूर असणारे हायड्रॉक्सीप्रोलिन यादीत घेतले नाही. उरली ती वीस. पुढच्या कामाने ही यादी बरोबर ठरवली. ती करताना वापरलेली कसोटीही लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे सगळा वाद तिच्याभोवतीच फिरतो. अमिनो आम्ल प्रथिनात नुसते आढळून भागत नाही. प्रथिन गुंफले जात असताना ते आपले स्वतःचे संकेत घेऊन त्यात बसलेले असले पाहिजे.

गॅमॉव्ह यांनी १९५४ साली एक मंडळ काढले, ‘आरएनए टाय क्लब’. सभासद वीस, प्रत्येकाला एक अमिनो आम्ल, प्रत्येकाला एक खास टाय. वॉटसन प्रोलिन, क्रिक टायरोसिन, गॅमॉव्ह स्वतः ॲलानिन. हा गंमतीचा भाग झाला, पण या मंडळातच क्रिक यांनी १९५५ साली एक टिपण फिरवले. अमिनो आम्ल आणि आरएनएची अक्षरे यांच्यामध्ये एखादा ‘दुभाष्या’ रेणू असला पाहिजे, असा त्याचा आशय होता. हा दुभाष्या पुढे खरोखरच सापडला. त्याला आज ट्रान्स्फर आरएनए म्हणतात. त्याच्या एका टोकाला आरएनएची तीन अक्षरे ओळखणारा भाग असतो, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. योग्य दुभाष्याच्या पाठीवर योग्य आम्ल चढवण्याचे काम एक वेगळे विकर करते.

चार अक्षरांतून तीन-तीनांचे गट केले तर चौसष्ट शब्द होतात. मग आम्ले वीसच का? १९५७ साली क्रिक, ग्रिफिथ आणि ऑर्गेल यांनी याचे फार देखणे उत्तर काढले. त्यांनी गृहीत धरले की हे शब्द मध्ये मोकळी जागा वा खूण न ठेवता सलग लिहिलेले असतात आणि तरीही ते एकाच प्रकारे वाचता यावेत. तसे व्हायचे तर एकाच अक्षराची तीनदा पुनरुक्ती असलेले चार शब्द बाद करावे लागतात. उरतात साठ. या साठांत एकच शब्द फिरवून मिळणारे तीन-तीन शब्द असतात आणि त्या तिघांतला एकच अर्थपूर्ण असू शकतो. साठाला तिनाने भागा, उत्तर वीस. जणू निसर्गानेच आकडा सांगितला! क्रिक यांना स्वतःला यात कितपत तथ्य आहे याची शंका होती, पण हिशोब इतका नेटका होता की अनेकांना तो खरा वाटला.

१९६१ साली मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी केवळ ‘यू’ याच अक्षराची माळ असलेला आरएनए परीक्षानळीत घातला आणि त्यातून फेनिलॲलानिन या एकाच आम्लाची साखळी तयार झाली. म्हणजे ‘यूयूयू’ हा शब्द अर्थपूर्ण होता. १९५७च्या हिशोबात तर तो बादच होता. तो देखणा हिशोब त्या दिवशी संपला, आकडा मात्र तसाच राहिला. पुढची काही वर्षे या चौसष्ट शब्दांचा कोश पुरा करण्यात गेली. त्यात पंजाबातल्या रायपूर या खेड्यात जन्मलेल्या हरगोविंद खोराना यांचा वाटा मोठा होता. नीरेनबर्ग, होली आणि खोराना यांना १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोशात एकसष्ट शब्दांना अमिनो आम्लांचा अर्थ होता आणि तीन शब्द ‘थांबा’ म्हणणारे होते. यूएजी, यूएए आणि यूजीए.

या तिघांना टोपणनावेही मिळाली. कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत विषाणूंच्या विशिष्ट उत्परिवर्तनांचा शोध चालू होता. तेथील हॅरिस बर्नस्टाइन या विद्यार्थ्याला मदतीला घेताना त्याला सांगितले गेले की उत्परिवर्तन सापडले तर त्याला तुझ्या आईचे नाव देऊ. ते सापडले. जर्मनमध्ये बर्नस्टाइन म्हणजे अंबर, पिवळसर राळेचा खडा. म्हणून यूएजी हा ‘अंबर’ संकेत. त्याच चालीवर इतर दोघे ‘ओकर’ आणि ‘ओपल’ झाले.

१९६८ साली क्रिक यांनी या कोशाला ‘गोठलेला अपघात’ म्हटले. कोणत्या शब्दाला कोणता अर्थ मिळाला हा आरंभी योगायोग असेल, पण एकदा हजारो प्रथिने त्या कोशाप्रमाणे लिहिली जाऊ लागली की एका शब्दाचा अर्थ बदलणे म्हणजे हजार ठिकाणी एकदम चुका करणे. असा जीव जगणार नाही. म्हणून कोश गोठला. युक्तिवाद मजबूत होता, आणि वीस हा आकडा आता नियमाच्या पदाला पोचला.

गाळातले जीव

आता दुसऱ्या बाजूने यायला हवे. १७७६च्या नोव्हेंबरात अलेस्सांद्रो व्होल्टा उत्तर इटलीत मॅजोरे सरोवराच्या काठी आंजेरा येथे गेले होते. काठीने गाळ ढवळल्यावर वर येणारे बुडबुडे त्यांनी बाटलीत धरले. तो वायू जळत होता. आज आपण त्याला मिथेन म्हणतो. तो कोण तयार करते, हे समजायला मात्र पुढे शतकाहून अधिक काळ लागला.

मुंबईच्या इतिहासातही या वायूची एक नोंद आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू १८९७ साली दिवाबत्तीसाठी वापरला गेला. भारतातल्या बायोगॅसच्या इतिहासाची सुरुवात बहुधा येथून सांगितली जाते. हा आश्रम १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने उभा राहिला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे नाव निराळ्या कारणाने माहीत असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ साली इतिहासप्रसिद्ध पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे ॲक्वर्थ ते हेच. गोंधळ्या-शाहिरांच्या तोंडी राहिलेले पोवाडे त्यांनी कागदावर आणले. त्यांच्या आश्रमातल्या टाकीत वायू तयार करणारे जीव कोणते, हे पाहण्याची सोय मात्र तेव्हा जगात कोठेच नव्हती.

अडचण अशी की हे जीव हवेतल्या प्राणवायूने मरतात. साध्या बशीत त्यांची वाढ करता येत नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट येथील क्लायव्हर यांच्या प्रयोगशाळेने या कामाला दिशा दिली. कॅलिफोर्नियाहून होरेस बार्कर तेथे १९३५-३६ साली येऊन राहिले आणि त्यांनी मिथेन तयार करणाऱ्या जीवांवर निबंध लिहिले. त्याच डेल्फ्टमध्ये श्नेलन या संशोधकाने १९४७च्या आपल्या प्रबंधासाठी एक जीव शुद्ध स्वरूपात वाढवला. त्याचे नाव बार्कर यांच्यावरून ‘मिथेनोसार्सिना बार्केरी’. या कुळातल्या बहुतेकांचा आहार मर्यादित असतो. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एवढ्यावर ते भागवतात. बार्केरी मात्र ॲसिटेट, मिथेनॉल आणि मिथिलअमाइन यांवरही जगतो. मिथिलअमाइन आपल्याला नावाने नसली तरी वासाने परिचित आहेत. शिळ्या मासळीला जो उग्र वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथिलअमाइनचा. समुद्राच्या आणि खाड्यांच्या गाळात ही द्रव्ये सतत तयार होत असतात, आणि ती खाणारा कोणी तरी तेथे असतोच.

१९७७ साली इलिनॉय विद्यापीठातल्या कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी राल्फ वुल्फ यांच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मिथेनजीवांच्या रायबोसोममधला आरएनए तपासला आणि जाहीर केले की हे जिवाणू नव्हेतच. सूक्ष्मदर्शकाखाली ते जिवाणूंसारखे दिसतात, पण वंशाने ते त्यांच्यापासून फार दूर आहेत. आज त्यांना आर्किया म्हणतात. त्या वेळी अनेक नामवंतांनी ही गोष्ट मान्य केली नाही. ती सर्वमान्य व्हायला दहा-पंधरा वर्षे लागली. गाळातल्या या जीवांनी पाठ्यपुस्तक बदलायला लावण्याची ही पहिली खेप.

पहिली भेग

विसाच्या नियमाला पहिला तडा याच परंपरेतल्या एका बाईंच्या कामाने गेला. थ्रेसा स्टॅडमन या बर्कलीत बार्कर यांच्याच विद्यार्थिनी. १९४९ साली मिथेनजीवांवर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे एका जिवाणूच्या विकरात त्यांना सेलेनियम हे मूलद्रव्य सापडले आणि १९७६ साली त्यांच्या गटाने दाखवले की ते सेलेनोसिस्टीन या अमिनो आम्लाच्या रूपात आहे. तेव्हा बहुतेकांनी तो प्रथिन तयार झाल्यानंतरचा रासायनिक बदल मानला. म्हणजे हायड्रॉक्सीप्रोलिनचाच प्रकार. १९८६ साली उंदराच्या एका जनुकात आणि म्युनिकमध्ये ऑगुस्ट ब्योक यांच्या गटाला ई. कोलाय या जिवाणूच्या एका जनुकात त्या जागी ‘यूजीए’ हा थांब्याचा संकेत मिळाला. येथे तो थांबवत नव्हता, सेलेनोसिस्टीन बसवत होता. हे एकविसावे. ते माणसाच्या शरीरातही आहे.

पण त्यात एक गोम होती. सेलेनोसिस्टीनला स्वतःचा दुभाष्या आहे, पण त्या दुभाष्यावर आधी सेरिन हे नेहमीचे आम्ल चढते आणि मग तेथेच त्याचे रूपांतर होते. नियमाचा अभिमान असलेल्यांना हा अपवाद चालवून घेणे सोपे गेले. पाठ्यपुस्तकांत ‘वीस’ तसेच राहिले, खाली एक टीप आली.

कोलंबसमधली चार वर्षे

१९९८च्या जनुकाकडे परत येऊ. मध्येच आलेला संकेत होता यूएजी, म्हणजे अंबर. वाचनात चूक असेल, ही पहिली शंका. चूक नसेल तर ते जनुक मृत असेल, ही दुसरी. पण मोनो-, डाय- आणि ट्रायमिथिलअमाइन यांसाठी या जीवाकडे तीन वेगवेगळी विकरे आहेत आणि त्यांची जनुके एकमेकांशी मिळतीजुळती नाहीत. २००० सालापर्यंत हे स्पष्ट झाले की या तिन्ही जनुकांत, प्रत्येकी एक, यूएजी मध्यातच येतो. तीन परक्या घरांत एकाच जागी एकच ‘चूक’ होत नसते.

२००१ साली क्रझिकी यांच्या गटाने प्रथिनाच्याच अंगाने तपास केला. मोनोमिथिलअमाइनचे विकर शेवटाकडून तपासले तेव्हा ते अंबरपाशी संपले नव्हते, त्याच्या पुढच्या ‘ओकर’ संकेतापाशी संपले होते. म्हणजे अंबर ओलांडला जात होता हे निश्चित. मग प्रथिनाचे तुकडे करून त्या जागी, २०२व्या स्थानी, कोणते आम्ल बसले आहे ते पाहिले. उत्तर आले, लायसिन. तेच १८८९चे, यादीतले, ओळखीचे लायसिन.

येथे प्रकरण मिटवता आले असते. ‘काही जीवांत यूएजी लायसिन म्हणून वाचला जातो’ असा निष्कर्ष छापण्याजोगा होता आणि विसाला धक्काही लागला नसता. पण निबंधात त्यांनी एक शक्यता नोंदवली. प्रथिनाचे तुकडे वेगळे करताना जी रासायनिक प्रक्रिया होते, तिच्यात त्या आम्लाचा एखादा भाग तुटून गेला असेल आणि मागे फक्त लायसिन उरले असेल. आपल्याच मोजमापाने आपल्याला फसवले असेल, अशी ती शंका होती.

ती खरी ठरली. त्याच विद्यापीठातल्या मायकेल चॅन यांच्या गटाने विकराचे स्फटिक केले आणि क्ष-किरणांनी त्याची रचना पाहिली. स्फटिक करताना प्रथिन तुटत नाही, त्यामुळे जे आहे ते जसेच्या तसे दिसते. २०२व्या जागी लायसिन होते, पण त्याच्या शेपटीला पाच अणूंचे एक कडे जोडलेले होते. हा जोड आम्लाच्या प्रक्रियेत सहज तुटणाऱ्या प्रकारचा होता. २००१ साली लायसिन का सापडले, याचा उलगडा झाला.

२४ मे २००२च्या ‘सायन्स’मध्ये दोन निबंध एकत्र आले. रचनेचा निबंध बिंग हाओ आणि सहकाऱ्यांचा, दुभाष्याचा निबंध गायत्री श्रीनिवासन, कॅरी जेम्स आणि क्रझिकी यांचा. दुसऱ्या निबंधाचे महत्त्व पहिल्याहून कमी नाही. नुसते कडे दिसले असते तर तो नंतरचा बदल आहे असे कोणीही म्हणाले असते. श्रीनिवासन यांच्या निबंधात जनुकाच्या शेजारीच यूएजी ओळखणारा एक खास दुभाष्या आणि त्याच्यावर आम्ल चढवणारे एक खास विकर, या दोघांची जनुके दाखवली होती. १९५३ची पबमधली कसोटी येथे पुरी होत होती. नाव ठरले पायरोलायसिन. एकाक्षरी लिपीत त्याला ‘ओ’ हे अक्षर मिळाले.

दुरुस्तीची दुरुस्ती

‘पुरी होत होती’ असे मी लिहिले, पण नेमके सांगायचे तर २००२ साली ती पुरी झाली नव्हती. त्या निबंधात म्हटले होते की खास विकर दुभाष्यावर लायसिन चढवते. म्हणजे लायसिन आधी, कडे नंतर, अगदी सेलेनोसिस्टीनसारखे. तसे असते तर पायरोलायसिन हा दुसरा अपवाद ठरला असता, त्याहून अधिक काही नाही. २००४ साली प्रयोगशाळेत बनवलेले पायरोलायसिन वापरून दोन ठिकाणी प्रयोग झाले. त्यांतला एक क्रझिकी यांच्याच गटाचा होता. त्यांत दिसले की विकर तयार पायरोलायसिन उचलते आणि थेट दुभाष्यावर ठेवते. लायसिनचा मधला टप्पा नाही. गटाने आपला दोन वर्षांपूर्वीचा निष्कर्ष स्वतःच दुरुस्त केला, आणि या दुरुस्तीने मूळ शोध अधिक बळकट झाला. सेलेनोसिस्टीनकडे स्वतःचे चढवणारे विकर नाही, पायरोलायसिनकडे आहे. आपल्या सगळ्या नेहमीच्या आम्लांच्या पंक्तीत ते बसते.

बारीकसारीक गोष्टी पुढेही जुळत गेल्या. कड्यावरचा एक लहान उपगट कोणता, हे २००२च्या चित्रात नक्की होत नव्हते. तो मिथिल आहे हे २००५ साली वस्तुमानाच्या मोजणीने ठरले. २०११ साली हेही उलगडले की पेशी हे आम्ल दोन लायसिन जोडून बनवते. एक लायसिन तसेच राहते, दुसऱ्याचे कडे होते. त्यासाठी तीन विकरे लागतात. दुभाष्या आणि चढवणारे विकर धरून पाच जनुके, आणि ती बहुतेक शेजारीशेजारी असतात. २००७ साली ही पाच जनुके ई. कोलायमध्ये घातली तेव्हा तो जिवाणूही पायरोलायसिन बनवू आणि वापरू लागला. एक अख्खे अक्षर, लिहिण्याच्या साहित्यासह, एका जीवातून दुसऱ्यात नेता येते हे त्यातून दिसले.

मग क्रिक यांच्या ‘गोठलेल्या अपघाता’चे काय? देवनागरीत उभी रेघ दोन कामे करते. ओळीच्या शेवटी सुटी उभी राहिली तर ती दंड, म्हणजे विराम. अक्षराला चिकटली तर काना. जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहीत नसत, तरी वाचणाऱ्याचा गोंधळ होत नसे, कारण रेघ कोठे आहे हे तो पाहत असे. मिथेनोसार्सिनाच्या जनुकसंचात यूएजीचे असेच काहीसे आहे. हे जीव खरा विराम म्हणून यूएजी फार क्वचित वापरतात. त्यासाठी त्यांच्याकडे इतर दोन संकेत आहेत. जो शब्द कमी वापरात आहे त्याला नवा अर्थ दिला तर हजार ठिकाणी चुका होत नाहीत. क्रिक यांचा युक्तिवाद खोटा ठरला नाही, त्याची मर्यादा कळली. गोठलेल्या तळ्यालाही कडेला पातळ बर्फ असतो.

आणि हे अक्षर हवेच कशाला? बाकी एकवीस आम्लांत नसलेली एक रासायनिक क्षमता त्या कड्यात आहे. कड्यातला नायट्रोजन आणि कार्बन यांच्यामधला दुहेरी बंध मिथिलअमाइनला धरून ठेवतो आणि कोबाल्ट असलेल्या दुसऱ्या प्रथिनासमोर त्यातला मिथिल गट नेमक्या कोनात आणतो, असे रचनेवरून मानले जाते. तो गट पुढे सरकत सरकत शेवटी मिथेन होतो. म्हणजे मासळीच्या वासाचे द्रव्य मोडण्यासाठी लागणारे एक हत्यार नेहमीच्या वीस अवजारांत नव्हते, म्हणून एका कुळाने ते घडवले आणि कोशातला जवळजवळ रिकामा शब्द त्याला दिला.

पुढे काय झाले

पायरोलायसिन फार थोड्या जीवांत आहे, पण मिथेनजीवांपुरतेच नाही. डेसल्फिटोबॅक्टेरियम या जिवाणूत त्याची जनुके आहेत. तोंड आणि आतडे नसलेला एक समुद्री कृमी आपल्या अंगातल्या सहजीवी जिवाणूंच्या जिवावर जगतो, त्यांतही ती आहेत. ॲसिटोहॅलोबियम नावाचा एक जिवाणू तर खाद्याप्रमाणे कोश बदलतो. ट्रायमिथिलअमाइन मिळाले की एकवीस आम्ले, ते नसले की वीस, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी माणसाच्या विष्ठेतून वेगळ्या काढलेल्या एका मिथेनजीवाची नोंद झाली, मिथेनोमॅसिलिकॉकस. त्याच्याकडेही पायरोलायसिनची जनुके सापडली. आपल्या आतड्यात मांस, अंडी यांतल्या काही घटकांपासून ट्रायमिथिलअमाइन तयार होते. यकृतात त्याचे जे रूपांतर होते त्याचा संबंध हृदयविकाराशी असल्याचे दाखवणारे अभ्यास आहेत. आतड्यातच ते खाऊन टाकणारे असे जीव औषधासारखे वापरता येतील का, ही कल्पना २०१४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी मांडली. ती अजून कल्पनाच आहे, पण गाळातले ते बाविसावे अक्षर आपल्यापैकी काहींच्या पोटातही लिहिले जात असते, एवढे नक्की.

सर्वांत मोठा उपयोग मात्र भलत्याच ठिकाणी झाला. पायरोलायसिनचा दुभाष्या आणि त्याचे विकर ही जोडी इतर जीवांच्या पेशीत ठेवली तर तेथल्या जोड्यांत ढवळाढवळ करत नाही, आणि विकराची आम्ल धरण्याची जागा प्रशस्त आहे. त्यामुळे थोडा फेरफार करून तिच्याकडून माणसाने बनवलेली, निसर्गात नसलेली अमिनो आम्लेही प्रथिनांत हव्या त्या जागी बसवता येतात. २००८पासून हे तंत्र जगभरच्या प्रयोगशाळांत पसरले. चकाकणारा, औषध चिकटवता येणारा, प्रकाशाने सुटणारा असा एकेक भाग प्रथिनात नेमका लावण्याची ही सोय आहे. मिथिलअमाइन खाणाऱ्या जीवाच्या अभ्यासाला पैसे देताना हे कोणाच्याही मनात असण्याची शक्यता नव्हती.

या इतिहासात ‘वीस’ म्हणणारे सगळे चूक आणि क्रझिकी एकटे बरोबर, अशी मांडणी करण्याचा मोह होतो. तो खरा इतिहास होणार नाही. विसाची यादी करणाऱ्यांनी चांगली कसोटी लावली होती, आणि त्याच कसोटीने बाविसाव्याला प्रवेश दिला. चूक झाली ती कसोटीपेक्षा तिच्यातून निघालेल्या आकड्यावर अधिक विश्वास ठेवण्यात. १९५७ साली वीस हे उत्तर सिद्ध करणारा सुंदर हिशोब मिळाला, तो खोटा निघाला, तरी उत्तर कोणी पुन्हा तपासले नाही. ऐतिहासिक साधनांतही असे घडते. एखादी तनाम चुकीची निघते, पण तिच्यावरून ठरलेली हकिकत चालूच राहते.

मी स्वतः शाळांतल्या मुलांसमोर बोलताना कित्येक वर्षे ‘वीस’ सांगत आलो. आता ‘बावीस’ सांगतो, पण आकड्यापाशी थांबत नाही. २००१ सालच्या त्या निबंधाची गोष्ट सांगतो. हातात लायसिन हे सोयीचे उत्तर आलेले असताना, आपण वापरलेल्या प्रक्रियेतच काही तुटले असेल का, असे विचारणारे वाक्य त्यात होते. बाविसावे आम्ल सापडले ते पुढच्या वर्षी, स्फटिकात. पण त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवली होती ती त्या वाक्याने.